इन, ऑन, ॲट आणि पुढचं नाम: इंग्रजी प्रिपोझिशन तुकड्यानं शिकायची पद्धत

'इन द मॉर्निंग' बरोबर आहे. 'ऑन मंडे मॉर्निंग' हेही बरोबर आहे. रात्रीसाठी 'ॲट नाइट' येतं, आणि तिथे 'द' लागत नाही. पुढच्या सोमवारी म्हणायचं असेल तर नुसतं 'नेक्स्ट मंडे', तिथे प्रिपोझिशनच नाही. मराठीत मात्र सकाळी, सोमवारी सकाळी, रात्री, पुढच्या सोमवारी, सगळीकडे तोच एक ई प्रत्यय पुरतो. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे ठिकाणी, एवढंच पाठ असेल तर या चारांपैकी एकही उत्तर त्या अर्थांवरून काढता येणार नाही.

याचं कारण असं की इंग्रजीत छोटं प्रिपोझिशन एकटं निवडलं जात नाही. पुढचं नाम कोणतं, त्याच्याआधी 'अ' किंवा 'द' आहे का, मध्ये एखादं विशेषण शिरलंय का, मागे कोणतं क्रियापद किंवा नाम उभं आहे, या सगळ्यावर ते ठरतं. म्हणून पाठ करायचं एकक आहे प्रिपोझिशन, उपपद (म्हणजे तेच 'अ' किंवा 'द') आणि नाम मिळून होणारा पूर्ण तुकडा. ज्यांना इंग्रजी वाचून समजतं पण लिहिताना 'इथे ऑन की इन' या प्रश्नावर हात थबकतो, त्यांच्यासाठी ही पद्धत पायरीपायरीनं मांडतो आहे. मोबाइलवर वाचणाऱ्यांना सोपं जावं म्हणून इंग्रजी उदाहरणंही देवनागरीतच दिली आहेत.

पायरी पहिली: वाक्यरचना उलटी वाचायला शिका

मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतात आणि येताना नामाचं सामान्यरूप करतात, विशेषणालाही वाकवतात. जुनी लाल पेटी, पण जुन्या लाल पेटीत. इंग्रजीत 'इन' सगळ्यात आधी येतं आणि पुढचा 'द ओल्ड रेड बॉक्स' हा नामसमूह जसाच्या तसा राहतो. बदलतात ती फक्त सर्वनामं: 'ही' चं 'हिम', 'शी' चं 'हर', 'दे' चं 'देम'. प्रिपोझिशननंतर दोन सर्वनामं आली तरी दोन्ही बदलतात, म्हणून 'बिट्वीन हिम अँड हर'.

खरा फायदा मोठ्या नामसमूहात दिसतो. 'पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर' हा तुकडा घ्या आणि शेवटाकडून सुरुवातीकडे या. 'वर' म्हणजे 'ऑन'. 'शेवटच्या पाना' म्हणजे 'द लास्ट पेज'. त्याआधीचा 'च्या' म्हणजे 'ऑफ'. 'दुसऱ्या प्रकरणा' म्हणजे 'द सेकंड चॅप्टर'. पुन्हा 'च्या', पुन्हा 'ऑफ'. आणि सगळ्यात शेवटी 'पुस्तका', म्हणजे 'द बुक'. झालं: 'ऑन द लास्ट पेज ऑफ द सेकंड चॅप्टर ऑफ द बुक'. प्रत्येक नामसमूहाच्या आतले शब्द सुलट राहतात, फक्त समूहांचा क्रम उलटतो. लांब वाक्यात अडकलात की कागदावर मराठी तुकडा लिहून हा उलटा प्रवास करून पाहा. चारपाच वेळा हातानं लिहून केलं की पुढे ते डोक्यातच होऊ लागतं.

पायरी दुसरी: आपले प्रत्यय कुठे फुटतात ते ओळखा

चुका वाटेल तिथे होत नाहीत. त्या ठरावीक जागी होतात, आणि त्या जागा म्हणजे एका मराठी प्रत्ययाला इंग्रजीत तीनचार पर्याय असणं. सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रत्यय आहे चा-ची-चे. त्याच्या जागी हात आपोआप 'ऑफ' लिहून जातो. पण कुलपाची किल्ली 'द की टु द लॉक' असते, प्रश्नाचं उत्तर 'दि आन्सर टु द क्वेश्चन', आणि इमारतीचं नुकसान 'डॅमेज टु द बिल्डिंग'. पाण्याचा अभाव 'लॅक ऑफ वॉटर' होतो, पण पाण्याची गरज 'नीड फॉर वॉटर'. उशिराचं कारण 'द रीझन फॉर द डिले', तर आगीचं कारण 'द कॉज ऑफ द फायर'. मराठीत कारण तेच, प्रत्यय तोच. इंग्रजीत 'रीझन' आपल्यासोबत 'फॉर' आणतं आणि 'कॉज' आणतं 'ऑफ'.

हे गट करून लक्षात ठेवलं तर ओझं हलकं होतं. 'टु' घेणारी नामं बहुधा एखाद्या गोष्टीकडे वळलेली असतात: की, आन्सर, सोल्युशन, रिप्लाय, थ्रेट, ॲक्सेस, डॅमेज. 'फॉर' घेणाऱ्यांत काहीतरी हवं असण्याची छटा असते: नीड, डिमांड, रिक्वेस्ट, डिझायर, सर्च. 'रीझन' आणि 'रिस्पेक्ट' या छटेत बसत नाहीत, पण 'फॉर' च घेतात, ते तसेच पाठ करावे लागतात. 'ऑन' च्या बाबतीत मात्र मराठी आपल्या बाजूनं आहे. परिणाम, हल्ला, बंदी, कर, भर यांना आपणही 'वर' लावतो, आणि इंग्रजीत ते 'इफेक्ट ऑन', 'अटॅक ऑन', 'बॅन ऑन', 'टॅक्स ऑन', 'एम्फसिस ऑन' असेच आहेत.

मराठी मदतीला येते अशी आणखी एक सुंदर जागा आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्यांनी ती जरूर लक्षात घ्यावी. किमतीत वाढ: 'ॲन इंक्रीज इन प्राइस'. दहा टक्क्यांची वाढ: 'ॲन इंक्रीज ऑफ टेन पर्सेंट'. दहा टक्क्यांनी वाढली: 'इंक्रीज्ड बाय टेन पर्सेंट'. म्हणजे त ला 'इन', ची ला 'ऑफ', नी ला 'बाय', एकास एक. संख्या १०० वरून ११० झाली तर ती वाढली 'बाय टेन' आणि पोचली 'टु वन हंड्रेड अँड टेन'. इथे 'बाय' च्या जागी 'टु' पडलं तर आकड्याचा अर्थच बदलतो, कारण 'इंक्रीज्ड टु टेन' म्हणजे वाढून दहा झाली.

'पर्यंत' हा शब्द असाच फसवा आहे. 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच आहे' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच शब्दानं बोलतो. पहिल्यात मुदत आहे, काम त्याआधी कधीही उरकेल, म्हणून 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात राहणं सलग चालू आहे, म्हणून 'अंटिल फ्रायडे'. कामाच्या मेलमध्ये ही अदलाबदल झाली की समोरच्याला मुदत कळतच नाही. जागेसाठी 'अंटिल' चालत नाही: पुलापर्यंत म्हणजे 'ॲज फार ॲज द ब्रिज', पान पन्नासपर्यंत म्हणजे 'अप टु पेज फिफ्टी'.

'पासून' बद्दल थोडक्यात: पुढे सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. २०२० पासून म्हणजे 'सिन्स ट्वेंटी ट्वेंटी', दोन वर्षांपासून म्हणजे 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स टू इयर्स' आपल्याकडे इतकं रुळलंय की कानाला खटकत नाही, पण प्रमाण इंग्रजीत ते चूकच धरतात.

पायरी तिसरी: 'बाय' च्या पुढचं नाम उघडं आहे का पाहा

'ने' प्रत्ययाचा विचार वेगळा करू, कारण त्यातून एक नियम हाती लागतो जो पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. बसनं गेले, 'बाय बस'. हातानं बनवलं, 'बाय हँड'. फोननं कळवलं, 'बाय फोन'. ईमेलनं पाठवलं, 'बाय ईमेल'. प्रत्येक ठिकाणी 'बाय' च्या पुढचं नाम उघडं आहे: ना 'अ', ना 'द', ना 'माय', ना अनेकवचन. कोणती बस, कोणाचा हात, हे सांगायचंच नाही, फक्त पद्धत सांगायची आहे.

आता नामाला काहीतरी चिकटवा. 'माय कार' म्हटलं की 'बाय' टिकत नाही, 'इन माय कार' होतं. सकाळची गाडी म्हटलं की 'ऑन द मॉर्निंग ट्रेन'. माझ्या स्वतःच्या हातांनी म्हटलं की 'विथ माय ओन हँड्स'. फोनवर बोलणं चालू असेल तर 'ऑन द फोन', एखाद्या मेलमध्ये लिहिलं असेल तर 'इन ॲन ईमेल'. पद्धत मागे पडली आणि एक ठरावीक वस्तू समोर आली, की तिच्या आकाराप्रमाणे प्रिपोझिशन बदलतं. मोटार आणि टॅक्सी यांच्या आत आपण बसतो, म्हणून 'इन'. बस, रेल्वे, विमान, जहाज यांना 'ऑन', आणि सायकल, मोटरसायकल, घोडा यांनाही 'ऑन'. पायी जाण्याला 'ऑन फुट' म्हणतात.

'ने' च्या बाकीच्या वाटा सरळ आहेत. हत्यार असेल तर 'विथ': चाकूनं, 'विथ अ नाइफ'. कर्मणी प्रयोगातला कर्ता असेल तर 'बाय हिम'. शाईनं लिहिलं तर 'इन ब्लू इंक'. भीतीनं थरथरत होता तर 'विथ फिअर'.

पायरी चौथी: उपपद हलवून बघा

मराठीत उपपद नाही, त्यामुळे 'द' आपल्याला सजावटीसारखा वाटतो, असला काय नसला काय. प्रिपोझिशनच्या तुकड्यात मात्र तो अर्थ फिरवतो. 'इन फ्रंट ऑफ द कार' म्हणजे गाडीच्या समोर, रस्त्यावर. 'इन द फ्रंट ऑफ द कार' म्हणजे गाडीच्या आत, पुढच्या सीटवर. 'इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन' म्हणजे मुलांची जबाबदारी तिच्यावर आहे. 'इन द चार्ज ऑफ हर आंट' म्हणजे तीच मावशीच्या ताब्यात आहे. एका 'द' नं सांभाळणारी आणि सांभाळली जाणारी यांची जागा बदलली.

इमारतींच्या नावांतही हेच. 'इन प्रिझन' कैदी असतो, त्याला भेटायला गेलेला वकील 'इन द प्रिझन' असतो. विद्यार्थी 'ॲट स्कूल' असतो, पण मतदान शाळेत असेल तर मतदार 'ॲट द स्कूल' जमतात. उपपद गेलं की इमारत मागे पडते आणि ती ज्या कामासाठी आहे ते काम पुढे येतं. 'इन बेड' म्हणजे झोपलेला किंवा आजारी, 'ऑन द बेड' म्हणजे पलंगावर ठेवलेला, मग ती बॅगही असू शकते. ब्रिटिश वापरात रुग्ण 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकन वापरात त्याला 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच पद्धत ठेवावी.

बाकी घट्ट बसलेले तुकडे जसेच्या तसे घोकावेत. उघड्या नामाचे: ऑन टाइम, इन टाइम, बाय मिस्टेक, ऑन पर्पज, इन ॲडव्हान्स, इन डिटेल, ॲट रिस्क, अंडर प्रेशर, ऑन ॲव्हरेज. 'अ' वाले: इन अ हरी, ॲज अ रिझल्ट, ॲट अ लॉस. 'द' वाले: इन दि एंड, ऑन द होल, ॲट द मोमेंट, ऑन द कॉन्ट्ररी, फॉर द टाइम बीइंग. यांतल्या 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' चा फरक जपा. पहिल्यात ठरलेली वेळ पाळली. दुसऱ्यात उशीर व्हायच्या आत, काही बिघडण्याआधी, पोचलो. तसंच 'इन दि एंड' म्हणजे अखेरीस, सगळं झाल्यावर. 'ॲट दि एंड' च्या पुढे मात्र 'ऑफ' सह कशाचा शेवट ते यावं लागतं, किंवा ते आधी सांगून झालेलं असावं लागतं.

पायरी पाचवी: वेळेचे तुकडे

इथे बहुतेक पुस्तकं तीन ओळींचा तक्ता देतात. घड्याळाच्या वेळेला 'ॲट', दिवस आणि तारखेला 'ऑन', महिना, वर्ष, ऋतू यांना 'इन'. तक्ता बरोबर आहे, पण तो नामसमूहाच्या पहिल्या थरापुरताच आहे. 'मॉर्निंग' एकटी असताना 'इन द मॉर्निंग'. तिला वार चिकटला की 'ऑन मंडे मॉर्निंग'. विशेषण चिकटलं की 'ऑन अ कोल्ड मॉर्निंग'. तारीख चिकटली की 'ऑन द मॉर्निंग ऑफ द फिफ्थ'. म्हणजे सकाळ एखाद्या ठरावीक दिवसाची झाली की तो तुकडा दिवसासारखा वागू लागतो आणि 'ऑन' मागतो. 'नाइट' चंही तेच: 'ॲट नाइट', पण 'ऑन सॅटर्डे नाइट'.

दुसरा थर म्हणजे प्रिपोझिशन गळून पडणं. 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी एखादा शब्द आला की वेळेच्या तुकड्याआधी 'इन', 'ऑन', 'ॲट' येत नाही. 'ऑन लास्ट मंडे', 'इन धिस मॉर्निंग', 'इन नेक्स्ट मंथ' या चुका आपल्याकडून होतात, कारण मराठीत 'गेल्या सोमवारी' आणि 'पुढच्या महिन्यात' यांना प्रत्यय असतोच आणि तो कुठेतरी उतरवल्याशिवाय चैन पडत नाही.

'दोन तासांनी फोन करतो' हे 'इन टू अवर्स'. 'दोन तासांच्या आत' हे 'विदिन टू अवर्स'. भविष्यकाळात 'आफ्टर टू अवर्स' ऐकायला मिळतं, पण ते घडून गेलेल्या गोष्टी सांगताना जास्त शोभतं.

पायरी सहावी: क्रियापद आणि त्याचंच नाम वेगळे मोजा

भारतीय इंग्रजीतल्या प्रिपोझिशनच्या चुकांचा फार मोठा भाग या एका गोष्टीत आहे, असं माझं ठाम मत आहे. 'डिस्कशन अबाउट द प्लॅन' बरोबर, पण 'डिस्कस अबाउट द प्लॅन' चूक, 'डिस्कस द प्लॅन' हवं. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, पण क्रियापद 'रिक्वेस्ट लीव्ह'. 'एम्फसिस ऑन क्वालिटी', पण 'एम्फसाइझ क्वालिटी'. 'अ डिमांड फॉर चेंज', पण 'डिमांड चेंज'. 'ॲन अटॅक ऑन', पण 'अटॅक द सिटी'. 'ॲन आन्सर टु', पण 'आन्सर द क्वेश्चन'. 'ॲक्सेस टु द फाइल', पण 'ॲक्सेस द फाइल'.

यात सूत्र स्पष्ट आहे. ही क्रियापदं सकर्मक आहेत, कर्म थेट घेतात. त्यांचं नाम झालं की थेट कर्म घ्यायची ताकद जाते आणि मध्ये प्रिपोझिशन लागतं. आपण नामासोबतचा तुकडा आधी ऐकलेला असतो आणि तोच क्रियापदाला जोडतो. मराठीतही 'योजनेबद्दल चर्चा करू', 'रजेसाठी विनंती करतो' अशी नाम अधिक 'करणे' ही घडण असल्यानं ती चूक आणखी पक्की होते. लिहिताना एकच प्रश्न विचारा: हा शब्द इथे काम करतोय की नाम म्हणून उभा आहे?

याच रांगेत 'रीच', 'एंटर', 'मॅरी', 'रिझेंबल' बसवा. जागेवर पोचणं 'रीच द स्टेशन', तिथे 'टु' नाही. खोलीत शिरणं 'एंटर द रूम', करार करणं मात्र 'एंटर इंटू ॲन अग्रीमेंट'. 'डिस्पाइट' च्या पुढे 'ऑफ' कधीच नाही, 'इन स्पाइट' च्या पुढे नेहमी.

पायरी सातवी: 'टु' ची परीक्षा आणि शेवटी उरणारं प्रिपोझिशन

'टु' दोन कामं करतो. 'आय वाँट टु मीट' मध्ये तो क्रियापदाचं मूळ रूप घेऊन येतो. 'आय लुक फॉरवर्ड टु' मध्ये तो प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप हवं: 'टु मीटिंग यू'. ओळखायची परीक्षा सोपी आहे. क्रियापद काढून तिथे एक साधं नाम ठेवा. 'आय लुक फॉरवर्ड टु द हॉलिडे' हे वाक्य उभं राहतं, म्हणजे हा प्रिपोझिशनचा 'टु'. 'आय वाँट टु द हॉलिडे' कोसळतं. 'ऑब्जेक्ट टु', 'डिव्होटेड टु' आणि सवय असणं या अर्थाचं 'बी यूज्ड टु' या परीक्षेत प्रिपोझिशनच्या गटात जातात.

बसायला खुर्ची म्हणजे 'अ चेअर टु सिट ऑन'. राहायला घर म्हणजे 'अ हाउस टु लिव्ह इन'. मराठीत तो 'वर' आणि 'त' पूर्ण गायब असतो, त्यामुळे इंग्रजीत शेवटचा 'ऑन' सुटतो. तपासायला वाक्य सरळ करा: 'सिट ऑन अ चेअर' मध्ये 'ऑन' होता, तर तो उलट्या वाक्यातही कुठेतरी असलाच पाहिजे. वाक्य प्रिपोझिशननं संपवू नये असं अनेकांना शिकवलेलं असतं. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष दाखवला होता आणि पुढे शाळांतून त्याचा नियम झाला. प्रत्यक्ष इंग्रजीत 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर' हीच स्वाभाविक रचना आहे, ती बेधडक वापरा.

पायरी आठवी: ऐकणं, शोधणं, तपासणं

छोटी प्रिपोझिशन्स ऐकून का शिकता येत नाहीत, याचं उत्तर उच्चारात आहे. सलग बोलण्यात ती आक्रसतात: 'ऑफ' नुसता 'अव' होतो, 'टु' चा 'ट', 'फॉर' चा 'फ', 'ॲट' चा 'अट'. वाक्याच्या शेवटी आली किंवा मुद्दाम जोर दिला तरच सहसा त्यांचा पूर्ण उच्चार होतो. म्हणून मिनिटभराचं रेकॉर्डिंग घ्या, ऐकून लिहून काढा आणि मग लेखी मजकुराशी पडताळा. तुमच्या कागदावर जिथे काहीच नाही आणि मूळ मजकुरात दोन अक्षरांचा शब्द आहे, त्या जागा अधोरेखित करा. असा सराव नियमित केला की कान तयार होतो.

शंका आली तर शब्दकोशात प्रिपोझिशन शोधू नका, नाम शोधा. शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांत 'रीझन' च्या नोंदीतच 'फॉर' ठळक छापलेलं असतं. त्यानंही भागलं नाही तर गूगल बुक्स एनग्रॅम व्ह्यूअर (पुस्तकांत एखादा तुकडा किती वेळा येतो ते दाखवणारं ऑनलाइन साधन) उघडा, तो २०१० पासून मोफत उपलब्ध आहे. 'इंटरेस्टेड' लिहून पुढे एक जागा सोडून तारांकन (*) टाकलं की छापील पुस्तकांत त्यानंतर सर्वाधिक येणारे दहा शब्द दिसतात. 'ॲट द वीकएंड' आणि 'ऑन द वीकएंड' स्वल्पविराम देऊन टाका आणि ब्रिटिश व अमेरिकन संग्रह आलटून पालटून पाहा, दोन्हीकडचा कल लगेच कळेल. पूर्ण वाक्यं वाचायची असतील तर कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश हा अमेरिकन इंग्रजी मजकुरांचा ऑनलाइन संग्रह वापरा. त्यात १९९० ते २०१९ या काळातले १०० कोटींहून अधिक शब्द आहेत.

सापडलेला तुकडा वहीत उतरवताना तो पूर्ण उतरवा. 'रीझन म्हणजे कारण' ही नोंद निरुपयोगी आहे. 'द रीझन फॉर द डिले' असं लिहा आणि खाली त्याच साच्यातलं स्वतःच्या कामातलं एक वाक्य जोडा.

आणि पाठवण्याआधी मेलवर शेवटची एक फेरी मारा. आधी प्रत्येक 'ऑफ' शोधा आणि मागचं नाम खरोखर तोच मागतंय का ते पाहा. मग 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' शोधा आणि त्यांच्याआधी वेळेचं 'ऑन' किंवा 'इन' शिरलं असेल तर काढा. मग 'डिस्कस', 'रिक्वेस्ट', 'एम्फसाइझ', 'रीच' शोधा आणि क्रियापदाला चिकटलेलं प्रिपोझिशन उडवा. शेवटी 'सिन्स' शोधा: पुढे कालावधी दिसला तर तिथे 'फॉर' लिहा.